दात आणि डोळा : संसर्गकेंद्राच्या सिद्धांताचा उदय, अस्त आणि पुनर्विचार

सारांश

हिरड्यांचा जुनाट रोग आणि डोळ्यातील दाहजन्य विकार यांचा परस्परसंबंध आहे काय, हा प्रश्न वैद्यकाच्या आधुनिक इतिहासात दोनदा विचारला गेला. सुमारे १९१० ते १९४० या काळात त्यास घाईने होकार मिळाला व त्या होकाराची किंमत असंख्य रुग्णांनी आपल्या दातांनी मोजली. त्यानंतर तितक्याच ठामपणे नकार मिळाला व प्रश्नच अभ्यासाच्या कक्षेबाहेर गेला. १९८९ नंतर तो नव्या रूपात परत आला आहे. प्रस्तुत लेखात या तीन टप्प्यांचा आढावा घेतला असून, पहिल्या होकारात व नंतरच्या नकारात पुराव्याच्या संदर्भात कोणती उणीव राहिली, याची चर्चा केली आहे.

बीजसंज्ञा : संसर्गकेंद्र, परिदंत रोग, युव्हिआयटिस, कार्यकारणभाव, वैद्यकाचा इतिहास

१. प्रस्तावना

वरच्या जबड्यातील दात काढला तर नजर अधू होते, अशी समजूत आपल्याकडे खेड्यापाड्यांतच नव्हे, तर शहरांतील सुशिक्षित घरांतही आढळते. दाढ ठणकत असतानाही केवळ या भीतीपोटी दंतवैद्याकडे जाण्याचे टाळणारे रुग्ण आजही भेटतात. शरीररचनेच्या दृष्टीने या भीतीला आधार नाही. वरच्या दातांची संवेदना वाहून नेणारी मज्जातंतूची शाखा वेगळी आणि दृष्टीची मज्जा वेगळी. एकीच्या क्षेत्रात केलेल्या शस्त्रक्रियेने दुसरी निकामी होत नाही.

वैद्यकाच्या इतिहासाकडे पाहिले असता मात्र या समजुतीच्या नेमका उलट असा एक अध्याय दृष्टीस पडतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेतील नामवंत चिकित्सक डोळ्याच्या दाहाने पीडित रुग्णास ‘डोळा वाचवायचा असेल तर दात काढून टाका’ असा सल्ला देत असत. हा सल्ला विद्यापीठांतून शिकवला जाई, नियतकालिकांतून छापला जाई आणि त्यामागे प्रयोगशाळेतील प्रयोगांचे पाठबळही असे. पुढे तो मागे पडला. अलीकडील काही दशकांत हिरड्यांचे आरोग्य आणि दूरच्या अवयवांतील दाह यांच्या संबंधाचा प्रश्न पुन्हा गांभीर्याने अभ्यासला जात आहे. अशा वेळी पूर्वीचा अनुभव नीट समजून घेणे हे केवळ इतिहासाच्या जिज्ञासेपुरते उरत नाही.

येथे डोळ्यातील ज्या विकाराचा प्रामुख्याने विचार केला आहे, त्यास युव्हिआयटिस असे म्हणतात. डोळ्याच्या गोलकाचा मधला थर रक्तवाहिन्यांनी भरलेला असतो. बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, म्हणजे कनीनिका, हा त्याचाच पुढचा भाग. या थराला दाह झाला की डोळा लाल होतो, दुखतो, उजेड सहन होत नाही व दृष्टी धूसर होते. पुढच्या भागातील दाह बहुधा काही आठवड्यांत ओसरतो. पण तो पुनःपुन्हा उलटू शकतो आणि प्रत्येक वेळी मोतीबिंदू, काचबिंदू किंवा कायमचे अंधत्व यांचा धोका मागे ठेवू शकतो. ‘आपोआप ओसरणे’ आणि ‘पुन्हा उलटणे’ हे या रोगाचे दोन स्वभाव पुढील विवेचनात महत्त्वाचे ठरणार आहेत.

२. सिद्धांताची पूर्वपीठिका

दात आणि शरीरातील इतर व्याधी यांची सांगड घालण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर स्वाक्षरी करणारे चिकित्सक बेंजामिन रश (१७४६–१८१३) यांनी किडलेले दात काढल्यानंतर संधिवातासारखे विकार बरे झाल्याची उदाहरणे नोंदवली होती. तथापि दातातून सांध्यापर्यंत नेमके काय पोहोचते, याचे उत्तर त्या काळी उपलब्ध नव्हते. रोगजंतूंच्या सिद्धांताने ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुरवले.

बर्लिन येथे काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेतील पद्धती मुखातील सूक्ष्मजीवांना लागू केल्या. १८९० मध्ये त्यांचा मुखातील सूक्ष्मजीवांवरील ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला आणि लगेच १८९१ मध्ये, मानवी मुख हे संसर्गाचे केंद्र असू शकते, असे प्रतिपादन करणारा लेख त्यांनी लिहिला. मिलर यांचा कल दात काढण्याकडे नव्हता. मुखाची स्वच्छता व दातांवरील उपचार यांवर त्यांचा भर होता.

हाच विचार अधिक आक्रमक स्वरूपात मांडला तो ब्रिटिश चिकित्सक विल्यम हंटर यांनी. १९०० मध्ये त्यांनी मुखातील पू व सडण हे अनेक रोगांचे कारण असल्याचे लिहिले. ऑक्टोबर १९१० मध्ये कॅनडातील मॉन्ट्रिअल येथील मॅकगिल विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी सोन्याच्या टोप्या, पूल आणि भरलेल्या दातांखाली दडून राहणाऱ्या पुवावर कठोर टीका केली. ते व्याख्यान पुढील वर्षी प्रसिद्ध झाले आणि त्याचे पडसाद अमेरिकेत दीर्घकाळ उमटत राहिले. या टीकेमागे एक संस्थात्मक वास्तवही होते. १८४० मध्ये बाल्टिमोर येथे जगातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय स्थापन झाल्यापासून दंतवैद्यक हे वैद्यकापासून निराळे वाढले होते. दंतवैद्य दाताची डागडुजी करी, चिकित्सक उरलेले शरीर पाही; दाताच्या मुळाशी असलेला रोग नेमका कोणाचा, हे ठरलेले नव्हते.

आपल्याकडील परंपरेत ही विभागणी वेगळी होती, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. आयुर्वेदाच्या अष्टांगांपैकी शालाक्यतंत्र हे नेत्र, कर्ण, नासिका व मुख या सर्वांच्या रोगांचा एकत्र विचार करते. सुश्रुतसंहितेत ७६ नेत्ररोग आणि १५ दंतमूलगत रोग वर्णिलेले आहेत. यावरून आधुनिक सिद्धांत प्राचीनांना ठाऊक होता असा निष्कर्ष काढणे अनैतिहासिक ठरेल. डोळा व मुख एकाच वैद्याने पाहावे, अशी योजना तेथे होती, एवढेच म्हणता येते.

३. संसर्गकेंद्राचा सिद्धांत आणि नेत्रवैद्यक

हंटर यांच्या विचाराला शास्त्रीय सिद्धांताचे रूप दिले शिकागो येथील फ्रँक बिलिंग्ज यांनी. बेंजामिन रश यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या रश वैद्यक महाविद्यालयाचे ते अधिष्ठाता होते. १९१२ मध्ये त्यांनी जुनाट संसर्गकेंद्रे व संधिविकार यांच्या संबंधावर लेखन केले आणि १९१६ मध्ये ‘फोकल इन्फेक्शन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. दात, टॉन्सिल, सायनस अशा एखाद्या ठिकाणी संसर्ग शांतपणे दडून राहतो; तेथून जंतू किंवा त्यांचे विष रक्तावाटे दूरच्या अवयवात जाऊन रोग उत्पन्न करतात; म्हणून मूळ केंद्र काढून टाकावे, असे या सिद्धांताचे सार होते.

बिलिंग्ज यांचे सहकारी एडवर्ड रोझनाऊ यांनी त्यात महत्त्वाची भर घातली. संधिवाताच्या रुग्णाचे स्ट्रेप्टोकोकाय सशाला टोचले तर ते सांध्यात जाऊन बसतात, डोळ्याच्या रुग्णाचे डोळ्यात. म्हणजे जंतूंना विशिष्ट अवयवाची ओढ असते, असा त्यांचा दावा होता. १९१५ पासून त्यांनी मेयो क्लिनिक येथे हेच संशोधन दीर्घकाळ चालवले. शिकागो येथे अर्नेस्ट आयर्न्स, ई. व्ही. एल. ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१६ मध्ये सशांच्या शिरेतून स्ट्रेप्टोकोकाय सोडून डोळ्यातील दाह उत्पन्न केल्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. नेत्रवैद्यकाच्या दृष्टीने ही निर्णायक घटना वाटली. दाताखालचा जंतू डोळ्यात रोग करू शकतो, याचे जणू प्रत्यक्ष प्रमाणच मिळाले.

या सिद्धांताचा प्रसार इतक्या वेगाने का झाला, हे समजण्यासाठी तत्कालीन नेत्रवैद्याची अडचण लक्षात घेतली पाहिजे. कनीनिकेच्या दाहाची उपदंश आणि क्षय ही कारणे परिचित होती. १९०६ नंतर वासरमन चाचणीमुळे उपदंशाचे निदान रक्तावरून करता येऊ लागले. पण ही कारणे वगळल्यावरही कारण न सापडलेल्या रुग्णांची मोठी संख्या शिल्लक राहत असे. त्यांना देण्यासाठी ॲट्रोपिनचे थेंब, शेक आणि वेदनाशामके यांपलीकडे फारसे काही नव्हते. दुसरीकडे, १८९५ मध्ये राँटगेन यांनी लावलेल्या क्ष-किरणांच्या शोधाचा उपयोग पुढील वर्षापासूनच दातांसाठी होऊ लागला होता. रुग्णाला कोणतीही तक्रार नसताना दाताच्या मुळाशी काळसर छाया दिसू लागली. स्थानिक बधिरीकरणामुळे दात काढणे पूर्वीपेक्षा सुसह्य झाले होते. अशा रीतीने अज्ञात कारणाचा रोग, दिसू शकणारा संशयित आणि सहज करता येणारी शस्त्रक्रिया या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या.

परिणामी संशयित दातांबरोबर निरोगी दातही काढले जाऊ लागले. १९२३ मध्ये वेस्टन प्राइस यांनी मूळनलिकेचे उपचार केलेले दात सशांच्या त्वचेखाली बसवून केलेल्या प्रयोगांवर दोन खंड प्रसिद्ध केले आणि मृत दात तोंडात ठेवणेच धोक्याचे, असा समज दृढ झाला. या विचाराचे सर्वांत दारुण टोक न्यू जर्सीतील ट्रेंटन येथील मनोरुग्णालयात दिसले. तेथील प्रमुख हेन्री कॉटन यांनी मानसिक रोगांचे मूळही संसर्गकेंद्रात असल्याचे मानून रुग्णांचे दात, टॉन्सिल आणि पुढे मोठ्या आतड्याचे भागही काढले. त्यात अनेकांचे प्राण गेले.

विरोधाचे सूरही होते. अमेरिकेत दंत क्ष-किरणांचा वापर सुरू करणाऱ्यांपैकी एक असलेले एडमंड केल्स यांनीच १९२० च्या सुमारास, क्ष-किरणचित्राच्या आधारे सरसकट दात काढण्यास जाहीर विरोध केला. ज्या साधनाचा त्यांनी पुरस्कार केला, त्याचाच असा उपयोग होताना त्यांना पाहावा लागला.

४. सिद्धांताचा अस्त

या सिद्धांतातील मूलभूत दोष तर्काचा होता. कनीनिकेचा तीव्र दाह बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो, हे वर सांगितलेच आहे. त्यामुळे मधल्या काळात दात काढला तर रोग दातामुळेच बरा झाला असे वाटणे स्वाभाविक होते. रोग पुन्हा उलटला, तर शरीरात आणखी एखादे केंद्र शिल्लक असल्याचे सांगितले जाई व शोध टॉन्सिलकडे किंवा सायनसकडे वळे. म्हणजे यश मिळाले तरी सिद्धांत खरा आणि अपयश आले तरी सिद्धांत खराच. दात न काढलेल्या तशाच रुग्णांचे काय झाले, ही तुलना अभावानेच केली जाई. तसेच दातांचे व हिरड्यांचे रोग त्या काळी इतके सार्वत्रिक होते की, कोणत्याही प्रौढ रुग्णाच्या तोंडात एखादे ‘केंद्र’ सापडणे जवळजवळ निश्चितच असे.

प्रयोगांतही त्रुटी होत्या. सशांना टोचलेल्या जंतूंचे प्रमाण नैसर्गिक संसर्गात संभवणाऱ्या प्रमाणाहून फार मोठे होते. दात काढताना तो लाळेतून बाहेर येत असल्याने त्यावर वाढणारे जंतू मुळाशीच होते, असे खात्रीने म्हणता येत नसे. अवयवाची ओढ असल्याचा रोझनाऊ यांचा निष्कर्ष इतर प्रयोगशाळांत टिकला नाही. १९२८ मध्ये हॉलमन यांनी या सर्व प्रयोगांची चिकित्सा करून त्यांतील उणिवा दाखवून दिल्या.

निर्णायक आघात १९३८ मध्ये झाला. रसेल सेसिल आणि ॲन्जेव्हाइन यांनी संधिवाताभाच्या २०० रुग्णांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. दात वा टॉन्सिल काढलेल्या बहुसंख्य रुग्णांना त्यापासून लाभ झालेला नव्हता. विशेष म्हणजे सेसिल हे स्वतः पूर्वी संसर्गाच्या उपपत्तीचे समर्थक होते. स्वतःच्या रुग्णांची मोजदाद करून त्यांनी आपले मत बदलले. १९४० मध्ये रायमन व हेवन्स यांनी घेतलेल्या समीक्षेने सिद्धांताचा पाया आणखी खिळखिळा केला.

नेत्रवैद्यकात हे परिवर्तन वेगळ्या मार्गाने घडले. तेथे ‘अज्ञात’ म्हणून दातांच्या नावे जमा केलेल्या रुग्णांची खरी कारणे एकेक करून सापडू लागली. १९५२ मध्ये हेलेनर वाइल्डर यांनी शस्त्रक्रियेने काढलेल्या डोळ्यांच्या सूक्ष्मछेदांत टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी दाखवून दिला. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्सच्या विल्मर संस्थेचे अ‍ॅलन वुड्स यांनी या दाहाचे ऊतीच्या स्वरूपावरून वर्गीकरण केले व १९५६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. १९४८ मध्ये फिलिप हेंच यांनी कॉर्टिझोनचा प्रभाव संधिवाताभात अजमावला. त्यासाठी त्यांना १९५० चे नोबेल पारितोषिक सहकाऱ्यांसह मिळाले आणि लवकरच ते औषध डोळ्यासाठीही वापरले जाऊ लागले. कॉर्टिझोन एकही जंतू मारत नाही, तरी दाह शमवते. यावरून रोगाचे मूळ जंतूच्या प्रत्यक्ष उपस्थितीपेक्षा शरीराच्या प्रतिसादात असावे, या विचाराला बळ मिळाले. हेंच यांचे हे कार्य मेयो क्लिनिकमध्ये, म्हणजे रोझनाऊ यांनी आपले प्रयोग केले त्याच संस्थेत झाले.

१९७३ मध्ये तीव्र अग्रभागीय युव्हिआयटिस आणि एचएलए-बी२७ हा आनुवंशिक घटक यांचा दृढ संबंध ब्रुअरटन व सहकाऱ्यांनी दाखवला. पाश्चात्त्य लोकसमूहांतील अशा रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांत हा घटक आढळतो. आपल्या देशातीलही एक उदाहरण बोलके आहे. १९९३ च्या अखेरीस मदुराई परिसरात झालेल्या अतिवृष्टीनंतर युव्हिआयटिसचे अनेक रुग्ण एकाच काळात तेथील अरविंद नेत्र रुग्णालयात आले. तपासाअंती लेप्टोस्पायरा हा जंतू कारणीभूत असल्याचे निष्पन्न झाले. काळ, स्थान, प्रयोगशाळेतील पुरावा आणि तुलना यांची साखळी जुळल्यावर कारण कसे प्रस्थापित होते, याचा हा वस्तुपाठ होय.

या सर्व शोधांमुळे दातांवरील आरोप मागे पडला. मात्र त्याबरोबरच, हिरड्यांच्या जुनाट रोगाचा शरीरावर काहीच परिणाम होत नसावा, असाही समज रूढ झाला. सिद्ध न झालेली गोष्ट आणि खोटी ठरलेली गोष्ट यांतील अंतर येथे पुसले गेले. वास्तविक १९३५ मध्येच ओकेल व इलियट यांनी दात काढल्यानंतर रुग्णांच्या रक्तात स्ट्रेप्टोकोकाय सापडतात व हिरड्यांचा रोग असलेल्यांत ते अधिक वेळा सापडतात, असे दाखवले होते. हृदयाच्या अंतःपटलदाहाच्या संदर्भात या निरीक्षणाची दखल घेतली गेली. डोळ्याच्या संदर्भात मात्र तो विषय जवळजवळ मिटला.

५. प्रश्नाचे पुनरागमन

१९८९ मध्ये फिनलंडमधील मॅटिला व सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांचे दंतारोग्य तुलनेने वाईट असल्याचे दाखवले. त्यानंतर मधुमेह, गर्भारपण, संधिवाताभ अशा अनेक अंगांनी हिरड्यांच्या रोगाचा अभ्यास सुरू झाला. या वेळी विचाराचा केंद्रबिंदू दाताच्या मुळाशी दडलेला पू हा नसून परिदंत रोग, म्हणजे ज्यास आपण सर्वसाधारणपणे पायोरिया म्हणतो तो होता. त्यात दातांभोवती साचलेल्या जंतुथरामुळे हिरडी व हाड यांना वर्षानुवर्षे दाह होत राहतो.

डोळ्याच्या संदर्भात सर्वांत लक्षणीय पुरावा बेहचेत रोगातून आला. इस्तंबूलचे त्वचारोगतज्ज्ञ हुलुसी बेहचेत यांनी १९३७ मध्ये तोंडातील व गुह्यांगावरील व्रण आणि डोळ्यातील दाह हे एकाच रोगाचे घटक असल्याचे मांडले. जपानमधील संशोधकांनी १९८० च्या दशकात, या रुग्णांच्या त्वचेत स्ट्रेप्टोकोकायच्या अंशांविरुद्ध तीव्र प्रतिक्रिया उमटते, असे दाखवले. या जंतूंतील एक प्रथिन मानवी पेशींतील प्रथिनाशी साम्य राखते. त्यामुळे जंतूविरुद्ध सज्ज झालेली प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर उलटत असावी, अशी उपपत्ती मांडली गेली. २००४ मध्ये तुर्कस्तानातील मुमजू व सहकाऱ्यांनी या रुग्णांचे मुखारोग्य खालावलेले असून त्याचा रोगाच्या तीव्रतेशी संबंध असल्याचे नोंदवले. २००९ मधील तुर्कस्तानातीलच एका अभ्यासात दंतोपचारांनंतर तोंडातील व्रण प्रथम वाढले, परंतु काही महिन्यांनी कमी झाले, असे आढळले. येथे सावधगिरीचा एक मुद्दा आहे. तोंडात सतत व्रण असणाऱ्या माणसाला दात घासणेच वेदनादायक होते. म्हणून वाईट हिरड्या हे रोगाचे कारण की परिणाम, हा प्रश्न अशा अभ्यासांतून पूर्णपणे सुटत नाही.

जंतू डोळ्यापर्यंत न जाताही तेथे दाह घडवू शकतात काय, यावर २०१५ मध्ये महत्त्वाचा प्रकाश पडला. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेतील रेचल कॅस्पी यांच्या गटाने, आपोआप युव्हिआयटिस होणाऱ्या उंदरांच्या आतड्यातील जंतू प्रतिजैविकांनी कमी केले असता डोळ्यातील दाह सौम्य होतो, असे दाखवले. आतड्यातील जंतूंमुळे चेतवल्या गेलेल्या प्रतिकारपेशी पुढे डोळ्यावर हल्ला करतात, असा त्याचा अर्थ लावला गेला. हा प्रयोग आतड्याविषयी व उंदरांविषयी आहे, हिरड्यांविषयी नव्हे. तथापि दूरच्या ठिकाणचे जंतू आणि डोळा यांत कार्यकारणाचा दुवा संभवतो, एवढे त्यातून स्पष्ट होते. तैवानमधील आरोग्यविम्याच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासांतही परिदंत रोग आणि युव्हिआयटिस यांची संगती दिसून आली आहे.

संगती म्हणजे कारण नव्हे, याची आठवण मात्र याच काळाने करून दिली आहे. हिरड्यांचा रोग व अकाली प्रसूती यांचा संबंध १९९६ मध्ये मांडला गेला. २००६ मध्ये ८२३ गर्भवती स्त्रियांवर केलेली नियंत्रित चाचणी प्रसिद्ध झाली. उपचारांनी हिरड्या सुधारल्या. अकाली प्रसूतीचे प्रमाण बदलले नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये, हिरड्या व हृदयरोग यांची संगती मान्य करूनही कार्यकारणभाव सिद्ध झाला नसल्याचे स्पष्ट केले. उलट मधुमेहात हिरड्यांवरील उपचारांनी रक्तशर्करेचे नियंत्रण काही अंशी सुधारते, असा निष्कर्ष २०२२ च्या कॉक्रेन आढाव्याने काढला. म्हणजे एका रोगाचे उत्तर दुसऱ्याला लावता येत नाही. प्रत्येक संबंध स्वतंत्रपणे तपासावा लागतो. धूम्रपान हे तर उघड उदाहरण आहे. ते हिरड्यांनाही घातक आहे आणि युव्हिआयटिसशीही निगडित आहे. अशा तिसऱ्या घटकामुळे दोन रोग एकत्र आढळू शकतात.

६. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, संसर्गकेंद्राच्या सिद्धांताचे अपयश हे त्यामागील कल्पनेपेक्षा ती तपासण्याच्या पद्धतीचे अपयश होते. मिलर, बिलिंग्ज, आयर्न्स आणि ब्राउन यांनी विचारलेला प्रश्न योग्य होता. परंतु तुलनेसाठी दुसरा गट नसताना, आपोआप ओसरणाऱ्या रोगावर, परत न मिळणारा अवयव काढून टाकण्याचा उपचार त्यांच्या काळाने स्वीकारला. ज्या उपचारात चूक झाली तर ती दुरुस्त करता येत नाही, त्यासाठी पुराव्याची अपेक्षा अधिक कठोर हवी. प्रत्यक्षात ती अधिक शिथिल राहिली.

नंतरच्या पिढीने केलेली चूक सौम्य असली तरी उपेक्षणीय नाही. वाईट पुरावा फेटाळताना तिने प्रश्नही फेटाळला आणि दंतवैद्यक व नेत्रवैद्यक यांतील संवाद काही दशकांसाठी खंडित झाला. भारतात १९२० मध्ये कोलकाता येथे रफीउद्दीन अहमद यांनी पहिले दंतवैद्यक महाविद्यालय स्थापन केले. तेव्हापासून आपल्याकडेही या दोन शाखांचे शिक्षण बव्हंशी स्वतंत्रपणे चालत आले आहे. युव्हिआयटिसच्या रुग्णाची पाठ, सांधे, फुप्फुसे तपासली जातात, ते योग्यच आहे. त्याच्या हिरड्या पाहण्याचे काम मात्र बहुधा कोणाचेच नसते.

आजच्या पुराव्यावरून एवढे निश्चितपणे सांगता येते की, डोळ्याच्या दाहासाठी निरोगी दात काढण्यास कोणताही आधार नाही; तसेच हिरड्यांवर उपचार केल्याने युव्हिआयटिसचे झटके कमी होतात असे म्हणण्यास आवश्यक असलेला नियंत्रित चाचण्यांचा आधारही अद्याप उभा राहिलेला नाही. परंतु हिरड्यांचा रोग स्वतःच दात घालवणारा रोग आहे व त्यावरील उपचार दात राखतात. म्हणून डोळ्याच्या रुग्णास दंतवैद्याकडे पाठवण्यात, पूर्वीसारखे, गमावण्याजोगे काही नाही. अशा रुग्णांची दोन्ही विभागांनी मिळून पद्धतशीर नोंद ठेवली, उपचार झालेल्या व न झालेल्या गटांची प्रामाणिक तुलना केली, तर शंभर वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेल्या प्रश्नाला या वेळी तरी उत्तर मिळू शकेल. वरचा दात काढताना दृष्टीची भीती बाळगणाऱ्या आपल्या समाजाला ते उत्तर समजावून सांगण्याची जबाबदारीही मग याच दोन विभागांवर येईल.